धारची मावशी आणि तिची मंडळी

जगात कुठलीही गोष्ट एकट्यादुकट्याने होते यावर माझ्या धारच्या मावशीचा काडीइतकाही विश्वास नाही. दूध उतू गेलं तर ती गॅसकडे बघत नाही, "बोलत कोणाशी उभी होतीस?" असं विचारते. नळाला पाणी आलं नाही तर नगरपालिकेला नावं ठेवत नाही, "वरच्या आळीत कोणाकडे लग्न आहे?" म्हणून चौकशी करते, आणि कोणाकडे तरी लग्न निघतंच. मी सातवीत असताना गणितात जेमतेम पास झाले, तेव्हा घरातले सगळे माझ्या पेपरकडे बघत होते. मावशीने पेपर हातातसुद्धा घेतला नाही. "तुझ्या बाकावर कोण बसतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, कोणीच नाही. "मग काय! आणखी कसले मार्क पडणार?" असं म्हणून तिने तो विषय संपवला आणि माझ्या पुढ्यात शेव घातलेले पोहे सरकवले.

ती आईची मामेबहीण. तिचं घराणं पवार सरदारांबरोबर धारला आलं ते तिथलंच झालं, त्यामुळे तिची मराठी जुन्या वळणाची आहे आणि त्या मराठीत दर चौथ्या शब्दाला हिंदी किंवा माळवी येऊन बसते. बाबांना देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याकडून इथे आलो, तेव्हा साऱ्या माळव्यात आमच्या ओळखीचं माणूस म्हणजे ही मावशी. तिने लग्न केलं नाही. एवढ्या मोठ्या घरात एकटी कशी राहतेस, असं कोणी विचारलं की ती खरोखर गोंधळून जाते. "एकटी कुठे?" म्हणते, आणि बोटांवर भाडेकरू, दूधवाला, कुक्षीहून परीक्षेला आलेल्या दोन मुली, अंगणातली मुंगसाची जोडी आणि मागच्या खोलीतली एक पाल, जिला ती 'आमच्या सासूबाई' म्हणते, अशी माणसं मोजून दाखवते. बसमध्ये ती कधी खिडकीशी बसत नाही, कारण तिथे एकाच बाजूला माणूस मिळतो. धारहून इंदूरला आणि इंदूरहून देवासला येईपर्यंत तिला अख्ख्या बसची दुखणी, सोयरिकी आणि सोयाबीनचा भाव ठाऊक झालेला असतो. एकदा कंडक्टरने तिला दरवाजातून हलायला सांगितलं, तर म्हणाली, "भिया, ये गाड़ी तू अकेला चलाता है क्या? हम सब बैठे हैं तब्बी तो चल री है!" कंडक्टरला हे पटलं असावं, कारण पुढच्या थांब्यावर तो तिच्यासाठी चहा घेऊन चढला.

मावशी मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिच्या पर्समध्ये सुपारीच्या डबीशेजारी कायम खडूचे तुकडे असत आणि समोर येईल तो पृष्ठभाग ती फळा मानत असे. आमच्या ओट्याच्या काळ्या दगडावर, धारच्या बसस्टँडच्या बाकावर, आणि एकदा तर बाबांच्या नव्या स्कूटरच्या सीटवर तिने पेशी काढून दाखवली आहे. तिची एक जुनी विद्यार्थिनी कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत होती. ती दर दोन-तीन महिन्यांनी नव्या संशोधनाच्या झेरॉक्स पाठवायची. मावशी त्या दुपारी पाट्यावर चटणी वाटताना वाचायची, म्हणून तिच्या सगळ्या शास्त्राला लसणीचा वास येई. पेशीतली प्रथिनं हे तिचं खरं गोत्र. त्यांना ती प्रथिनं म्हणत नसे, 'मंडळी' म्हणत असे. "जनुक बिचारं काय करणार? ते पोथीसारखं गुंडाळून ठेवलेलं. ती कधी सोडायची, कोणी वाचायची, कोणी गप्प बसवायचं, हे सगळं मंडळी जमून ठरवतात." मी इंग्रजी शाळेतली. ट्रान्स्क्रिप्शनची, म्हणजे जनुक वाचलं जाण्याची, व्याख्या मला स्वल्पविरामासकट पाठ होती आणि तिचा अर्थ मात्र काडीचा माहीत नव्हता. मराठी वाचायची तर मला अजून ओळीखाली बोट ठेवावं लागायचं. पाहुणे आले की मी पाण्याचा ट्रे ठेवून जी आत जायची, ती ते चप्पल घालेपर्यंत बाहेर येत नसे. मावशी एवढंच म्हणायची, "ही गप्प बसून सगळं टिपते. बसू दे." हे वाक्य ऐकलं की मला फार हायसं वाटे.

मी बारावीत गेले त्या वर्षी आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन इंदूरला झालं, पुढची औषधंही तिथेच झाली. आमच्या घरात त्या दिवसांत कोणी मोठ्याने बोलत नसे, मावशी सोडून. ती डॉक्टरांच्या खोलीत आमच्या आधी शिरायची आणि त्या गंभीर, पांढऱ्या कोटातल्या माणसालाही माळवी थाटात "भिया" म्हणायची. "भिया, गाठीत जो रिसेप्टर मिला है, उसके साथ कौन-कौन आता है?" डॉक्टर आधी चपापले. मग त्यांनी पेन काढून कागदावर गोल काढले, मावशीने त्यात आणखी दोन काढले, आणि बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागेपर्यंत दोघं त्या गोलांवर बोलत बसले. निघताना डॉक्टर बाबांना म्हणाले, "अगली बार भी इनको लाना।" शेवटी त्यांनी आईला एक छोटी पांढरी गोळी लिहून दिली. रोज एक, पाच वर्षं. रोग पुन्हा उठू नये म्हणून.

ही गोळी काय करते ते मावशीने आईला आमच्या ओट्यावर काढून दाखवलं. रोगाच्या पेशीत एक प्रथिन असतं, तोच तो रिसेप्टर. शरीरातलं बायकी हार्मोन येऊन त्याच्या मांडीवर बसलं की ते जागं होतं, जनुकापाशी जातं, आणि पेशीला एकीच्या दोन होण्याचा हुकूम वाचला जातो. "आणि ही गोळी बघ कशी हुशार! दिसायला त्या हार्मोनसारखीच. तशीच आत शिरते आणि नेमकी त्याच्याच जागेवर जाऊन बसते!" इथे तिने खडूने एक ठसठशीत गोल काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, "अगंबाई, बस!" म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. आई पुढे किती तरी वेळ त्या गोलाकडे पाहत उभी होती. मग तिने ओल्या फडक्याने ओटा पुसला.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली गोळ्यांची पट्टी होती तशीच आहे. सकाळी बाबा विचारत, "घेतलीस?" आई म्हणे, "हो." आणि पट्टी तेवढीच्या तेवढी. आईला असं काही विचारायची आमच्याकडे रीत नव्हती आणि माझ्यात धीर नव्हता. एकदा मात्र ती भाजी निवडत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, गोळी?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्याने हे दुखणं वाढतं त्याच्याच रूपाची ती. त्याच्याच जागी जाऊन बसते. इतकं सोसून काढून टाकलं आणि आता मीच रोज हाताने आत बसवू? बाबांना सांगू नकोस."

बाबांना मी सांगितलं नाही. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन कोणाला तरी फोन केला.

"मावशी, आई गोळी घेत नाही."

"कोणाचं ऐकून?" तिने लगेच विचारलं. तिच्या मते असल्या गोष्टीमागे कोणीतरी असणारच. "समोरची का? की तो वैद्य?"

"तू," मी म्हटलं.

मी तिला गोलाचं सांगितलं. "अगंबाई," ती म्हणाली, "मी अर्धंच सांगून बस पकडली! मंडळी यायच्या आत उठले गं मी." दुसऱ्या दिवशी दुपारी ती देवासला हजर झाली. मला वाटलं, आता ती आईला समोर बसवून समजावेल. तिने गोळीचं नावसुद्धा काढलं नाही. चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "नलू, या शुक्रवारी तुझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू."

आई ताडकन उठली. औषधांनी तिचे केस गेले होते. ऑपरेशन झाल्यापासून ती कॉलनीतल्या कोणासमोर गेली नव्हती, दाराची घंटा वाजली की आतल्या खोलीत जायची. "ताई, माझ्या डोक्यावर केस नाहीत."

"तिळगूळ तोंडात घालतात, केसांत नाही."

"मी बाहेर येणार नाही."

"नको येऊस. घर तुझं आहे, आत बैस. बायका मी सांभाळते."

मी मावशीला हळूच विचारलं, तू आईला सरळ का सांगत नाहीस? ती म्हणाली, "घाबरलेल्या माणसाला एकटं गाठून सांगितलं की ते आपल्याच मनातलं ऐकतं. मागच्या खेपेला तेच झालं ना!"

शुक्रवारी कॉलनीतल्या बायका जमल्या. बहुतेक आमच्यासारख्याच, महाराष्ट्रातून नोकरीपायी आलेल्या घरांतल्या. शिवाय शेजारच्या तिवारी भाभी, ज्या दर वर्षी हौसेने येत आणि सगळ्यांत जास्त तिळगूळ नेत. कुंकू लावताना एकीचा हात मावशीपाशी अडखळला, तशी मावशी म्हणाली, "लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वाण मात्र मी सोडणार नाही." सगळ्या हसल्या आणि त्या हसण्याचा फायदा घेऊन तिने दार लावून घेतलं. मग माझ्याकडून एक लोड आणवला, आईची जुनी माहेश्वरी साडी त्याच्याभोवती घट्ट गुंडाळली आणि पदराच्या टोकाला पिनने एक चिठ्ठी लावून तोही आत दडवला. "ही साडी म्हणजे पोथी. पेशीतलं जनुक असंच गुंडाळलेलं असतं. पदर मोकळा झाल्याशिवाय चिठ्ठी वाचता येत नाही. आता माणसं हवीत."

जोशी काकू चांगल्या भरभक्कम. त्यांना लोडाजवळ चौरंगावर बसवून मावशीने जाहीर केलं, "हे ते प्रथिन. खरं तर हे जोडीने बसतं, पण जोशीबाई दोघींच्या जागी पुरतात."

"आलात का माझ्या अंगावर!" जोशी काकू म्हणाल्या, पण मान मिळाल्यासारख्या ऐसपैस बसल्या. कोपऱ्यातल्या घरच्या नव्या सुनेला हार्मोन केलं. तिने तिळगुळाची वाटी काकूंच्या मांडीवर ठेवायची. वाटी आली की काकूंनी हात पसरून बोलवायचं. तो हात धरून तिवारी भाभींनी लोडाशी यायचं आणि साडी सोडायची. देशपांडे काकू, ज्यांच्यासमोर त्यांचे यजमानसुद्धा हळू आवाजात बोलत, त्यांना "तुम्ही नुसत्या बसा, तुमची वेळ येईल" असं सांगितलं. आणि साडी सुटली की चिठ्ठी वाचायची कोणी? मी दाराकडे सरकले होते, तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं.

सून लाजत वाटी ठेवून गेली. जोशी काकूंनी हात पसरून हाक दिली, "या हो तिवारी भाभी!" तिवारी भाभी "आ गई, आ गई!" करत धावल्या आणि साडी भराभर सोडली. पदर माझ्या हातात आला. मी बोट ठेवून पुटपुटले, "एकीच्या दोन व्हा."

"मोठ्याने!" मावशी ओरडली. "रोग असा पुटपुटत नसतो."

"एकीच्या दोन व्हा!" मी म्हटलं, आणि सगळ्या बायकांसमोर माझा आवाज निघाला याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"हा झाला रोग," मावशी म्हणाली. "आता गोळी." तिने वाटी सुनेच्या हातात परत दिली, माझी लांब दांडीची छत्री काढली आणि वाटीच्याच जागी, जोशी काकूंच्या मांडीवर आडवी ठेवली. "गोळी त्याच जागी बसते, एवढं मी नलूला सांगितलं होतं. पुढचं सांगायचं राहिलं. हिची एक दांडी बाहेर येते. करा हात पुढे, जोशीबाई." काकूंनी हात पसरायला बघितलं, छत्रीची मूठ कोपरात अडकली. तिवारी भाभी एका बाजूने आल्या, दुसऱ्या बाजूने आल्या, त्यांना काही हात सापडेना. "अरे, ये छाता हटाओ ना, जोशी भाभी!"

"मैं क्या करूँ? बैठा है तो बैठा है!"

"आता देशपांडेबाई," मावशी म्हणाली. देशपांडे काकू उठल्या. त्यांनी साडी पुन्हा लोडाभोवती करकचून गुंडाळली आणि त्यावर बसल्या. खोली आपोआप गप्प झाली. "बघा! जागा तीच, साडी तीच, प्रथिन तेच. फक्त जमणारी मंडळी बदलली. एक जनुक वाचून घेणारी, एक गप्प बसवणारी." मला वाचायला काहीच उरलं नाही. इतक्या आनंदाने मी कधी गप्प बसले नव्हते.

मावशीच्या बेताप्रमाणे हे इथेच संपायचं होतं. आतल्या खोलीचा पडदा हलत होता आणि ती मुद्दाम तिकडे बघत नव्हती. पण जोशी काकूंना मघापासून तिळगूळ खुणावत होता. संपलं असं समजून त्यांनी छत्री बाजूला ठेवली आणि ताटाकडे हात नेला. नवी सून आता खेळात अशी रंगली होती की रिकामी मांडी दिसताच तिने पटकन वाटी ठेवली. काकूंनी सवयीने हात पसरला. तिवारी भाभींनी देशपांडे काकूंना सरळ ढकललं, "आप उठो तो जरा!" आणि साडी भराभर सुटायला लागली. पदर माझ्या हातात येतच होता.

"अहो जोशीबाई! छत्री! छत्री धरा आधी!"

पडदा बाजूला झाला आणि आई धावत बाहेर आली. डोक्याचा रुमाल मागे सरकलेला, एक खांदा अजून नीट उचलला जात नव्हता. तिने वाटी उचलून सुनेच्या हातात दिली, छत्री घेतली आणि जोशी काकूंच्या मांडीवर दोन्ही हातांनी दाबून बसवली. "जरा उठली की झालंच का?" ती धापा टाकत मावशीला म्हणाली.

"म्हणून रोज," मावशी म्हणाली. एवढंच.

मग आईच्या लक्षात आलं की आपण हॉलच्या मध्यभागी उभ्या आहोत आणि सगळ्या आपल्याकडे बघताहेत. आईने रुमाल सारखा केला, जोशी काकूंच्या खांद्याचा आधार घेतला आणि विचारलं, "हळदीकुंकू घेतलंत का सगळ्यांनी?" तिवारी भाभी म्हणाल्या, "आपके हाथ से तो लिया ही नहीं," आणि कपाळ पुढे केलं. पुसून पुन्हा लावून घ्यायला सगळ्यांची रांग लागली. देशपांडे काकू सगळ्यांत शेवटी आल्या आणि आईचा हात बराच वेळ सोडेनात.

त्या संध्याकाळी आईने पट्टीतली गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि मला म्हणाली, "बसवली गं छत्री." मावशीने मग राहिलेलं सगळं सांगितलं, न आवडणारंही: हीच गोळी गर्भाशयात गेली की वेगळी वागते, कारण तिथली मंडळी वेगळी, म्हणून तिथे तपासणी चुकवायची नाही, आणि अंगातून वाफा निघाल्या तर घाबरायचं नाही. या खेपेला तिने घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटची बसही जाऊ दिली.

आज मी ज्या प्रयोगशाळेत शिकते तिथे याच प्रथिनांवर काम चालतं. त्यांची लांबलचक इंग्रजी नावं मला येतात, कोण कोणाला कुठे धरतं हे मी जेलच्या थरावर उमटलेल्या पट्ट्यांत पाहू शकते. पण एखादं नवं प्रथिन समोर आलं की ते तिवारी भाभींच्या बाजूचं की देशपांडे काकूंच्या, हा प्रश्न मी मनात मराठीतच विचारते. हे मी तिथे कोणाला सांगितलेलं नाही. धारला गेले की मावशी विचारते, "नवीन कोण सापडलं?" मी सांगते, आणि ती लग्नाची बोलणी ऐकावीत तशी मन लावून ऐकते.

पाच वर्षं आईने एकही गोळी चुकवली नाही. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, झालं, आता बंद करा. आम्ही पेढे घेतले. आईने ते वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पेला हातात घेऊन देव्हाऱ्यापाशी तशीच उभी राहिली. गोळी सुरू करताना भ्याली नव्हती एवढी ती गोळी थांबताना भ्याली. तिने स्वतःच धारला फोन लावला. "ताई, आता त्या जागी कोणी नाही. आता काय होईल?"

मी शेजारीच होते. मला खात्री होती की मावशी आता पलीकडून खडू शोधेल. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं आणि उत्तरात निदान चार माणसं असतात. पण तिचा आवाज आला तो म्हातारा आणि अगदी साधा. "ते मला माहीत नाही गं, नलू. कोणालाच पक्कं माहीत नाही." मग म्हणाली, "मी येते."

ती आली. आता तिला बस बदलायला कोणाचा तरी हात लागतो, तो तिला मिळतोही. या खेपेला तिने काही काढून दाखवलं नाही, कोणाला बोलावलं नाही. पुष्कळ दिवस राहिली. दुपारी दोघी गॅलरीतल्या उन्हात हरभरा सोलत बसायच्या, मध्ये सुपात दाणे पडत राहायचे. मी आतून कान देऊन ऐकायची, पण दोघी काहीच बोलत नसत. एकदा मी चहा घेऊन गेले तर मावशीला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. आईने मला खुणेने थांबवलं, तिच्या ओच्यातला हरभरा अलगद आपल्याकडे घेतला आणि पुढे सोलू लागली.